तुमचा रस्ता नकाशात आहे की दारात?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं नव्या गृहप्रकल्पांच्या रस्त्यांबद्दल होती. नगररचनेच्या नोकरीत मी आयुष्य काढलं, त्यामुळे ही पत्रं वाचताना थोडं अपराधीही वाटतं. त्याचं कारण पहिल्या उत्तरात येईल. चार पत्रं निवडली आहेत. पत्रं लांबलचक होती, कापून दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्यात सूसला राहतो. आमच्या सोसायटीच्या मागच्या जागेवर बावीस मजल्यांच्या तीन इमारती येणार आहेत. जाहिरातीत ‘१८ मीटर डीपी रोड टच’, म्हणजे विकास आराखड्यातला १८ मीटरचा रस्ता लागून, असं ठळक छापलंय. प्रत्यक्षात आमच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा रस्ता आम्ही टेप धरून मोजला. तो साडेसात मीटर भरला आणि ओढ्यावरच्या मोरीपाशी जेमतेम सव्वापाच. सकाळी शाळेची बस आणि पाण्याचा टँकर मोरीवर समोरासमोर आले की कोणीतरी मागे जायचं, एवढाच उपाय उरतो. मॅडम, हरकत कुठे घ्यायची? शेजाऱ्यांना कोणी विचारतं तरी का?
– एक वाचक, सूस

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही विचारत. एखाद्या भूखंडावर बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्यांच्या हरकती मागवायची पद्धत आपल्याकडे नाही. हरकतीची वेळ कितीतरी आधी येऊन गेलेली असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. रस्ता कुठून जाणार, किती रुंद असणार, हे तिथे ठरतं. पुढे आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा झाला तर कलम ३७ खाली पुन्हा सूचना निघते आणि महिनाभर हरकती घेता येतात. ही सूचना वर्तमानपत्रात इतक्या बारीक टायपात येते की चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाने वाचूच नये, अशीच कोणाची तरी इच्छा असावी. आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते भिंग घेऊन रोज जाहीर नोटिसा वाचतात. तुमच्या सोसायटीत असा एक माणूस नेमा.

पर्यावरण मंजुरीच्या वेळी तरी लोकांचं ऐकतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलं तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती मंजुरी लागते, आणि तीन बावीस मजली इमारतींचं क्षेत्र त्यात बहुधा बसेलच. पण इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. तरी हा टप्पा सोडू नका. अर्जात प्रकल्पामुळे वाढणाऱ्या वाहतुकीची माहिती द्यावी लागते आणि अर्ज व बैठकांचे इतिवृत्त केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर पाहता येतात. मंजुरी मिळाली की विकासकाने ती स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करायची असते. त्यानंतर राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करायला ३० दिवस मिळतात. उशिराचं सबळ कारण असलं तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत माफ करू शकतो, त्यापुढे दार बंद. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, हे तुमचं नशीब.

आता त्या १८ मीटरकडे वळू. जाहिरातीत रस्त्याची रुंदी एवढी मोठी का छापतात? एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरपासून लागू आहे. महापालिका हद्दीत किती बांधता येणार, हे तिने रस्त्याच्या रुंदीला बांधून टाकलंय. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असला तर १.१० चटईक्षेत्रावर, म्हणजे भूखंडाच्या १.१० पट बांधकामावर, भागवायचं. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर अधिमूल्य भरून आणि टीडीआर (रस्त्याबिस्त्यासाठी जमीन देणाऱ्याला मिळालेला, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊन २ पर्यंत जाता येतं. १५ ते २४ मीटरच्या रस्त्यावर अडीचपर्यंत, आणि बाल्कनी, जिने वगैरेंसाठीचं आनुषंगिक क्षेत्र त्याच्यावर वेगळं. म्हणजे नकाशावर १८ मीटरची रेघ असणं हा विकासकासाठी मजल्यांचा हिशोब आहे. तुमच्यासाठी तो शाळेच्या बसचा हिशोब असतो. घोळ इथेच होतो.

कारण आराखड्यातला रस्ता एकदम तयार होत नाही. ज्याची जमीन रस्त्यात जाते तो ती टीडीआर किंवा चटईक्षेत्राच्या बदल्यात पालिकेला देतो, आणि बहुतेकदा स्वतःचं बांधकाम करायचं असेल तेव्हाच देतो. मग जिथे इमारत झाली तिथे रस्ता रुंद होतो. मधल्या शेतकऱ्याला विकायचं नसतं किंवा त्याचं भावाशी कोर्टात चाललेलं असतं, तिथे तो जुनाच राहतो. दात पडलेल्या फणीसारखा रस्ता. नकाशात मात्र फणी अख्खी.

आता कबुली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान शहरात असताना असाच प्रस्ताव माझ्याकडे आला होता. मी भर दुपारी शिपायाच्या मोपेडवर मागे बसून जागेवर गेले, भूखंडासमोर टेप धरला, बारा मीटर भरला. वहीत लिहिलं, ‘प्रवेश रस्ता उपलब्ध आहे.’ परत येताना ओढ्यावर एक अरुंद मोरी लागली. समोरून उसाची बैलगाडी आली, तर आम्ही मोपेड कडेला दाबून उभे राहिलो. गाडीवानाने हात करून आभार मानले. मला ती मोरी मोजायचं सुचलंसुद्धा नाही, कारण फॉर्ममध्ये रकाना होता ‘भूखंडासमोरील रस्त्याची रुंदी’. पुढे तिथे मोठी वसाहत झाली. तिथल्या लोकांनी मोरीसाठी किती वर्षं अर्ज केले, ते मला नंतरच्या बदलीच्या गावी कळत राहिलं.

म्हणून माझा सल्ला असा की भांडण इमारतींशी मांडू नका, मोरीशी मांडा. ‘प्रकल्प रद्द करा’ या मागणीला यश येणं कठीण. ‘मोरी रुंद झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जायची परवानगी) देऊ नका’ या मागणीला दुसरी बाजू उरत नाही, कारण नव्या इमारतींत राहायला येणारे लोकही तिथेच अडकणार आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेचा आधार घ्या. २०१६ च्या आवृत्तीत उंच इमारतीसमोरचा रस्ता किमान १२ मीटर हवा, आणि त्याचं एक टोक तेवढ्याच रुंदीच्या दुसऱ्या रस्त्याला जाऊन मिळायला हवं, असं म्हटलंय. मला बैलगाडीपाशी जे सुचलं नाही, ते त्या दुसऱ्या अटीत आहे. संहिता मार्गदर्शक आहे, प्रत्यक्ष बंधन नियमावलीचं, हेही लक्षात असू द्या. पण अग्निशमन विभागाला पत्र लिहिताना हे वाक्य कामाला येतं. त्या पत्रात एकच विचारा : पाण्याने भरलेला बंब या मोरीवरून जाईल का, आणि त्या वेळी समोरून टँकर आला तर?

माहिती अधिकारात चार कागद मागा. मंजूर बांधकाम नकाशा, प्रवेश रस्त्याबद्दलचा स्थळपाहणी अहवाल, अग्निशमनचा ना-हरकत दाखला, आणि रस्त्याखालच्या जागेपैकी किती ताब्यात आली त्याची जमिनीच्या गट क्रमांकांनुसार माहिती. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराला ३० दिवस. चौथा कागद बहुधा ‘उपलब्ध नाही’ म्हणून येईल. तसं लेखी येणं हेसुद्धा उत्तरच. मंजूर नकाशात प्रत्यक्षात नसलेला रस्ता ‘अस्तित्वातील’ म्हणून दाखवला असेल, तर मात्र प्रकरण गंभीर होतं. चुकीची माहिती देऊन मिळवलेली परवानगी रद्द करायचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्तांना आहे.

आणखी एक करा, फार कोणी करत नाही. वाहनं मोजा. एका कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेनऊ मोरीपाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसा. एकाने जाणारी मोजायची, दुसऱ्याने येणारी. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी. दर पंधरा मिनिटांनी पान उलटायचं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहन किती मोटारींएवढं धरायचं ते ठरलेलं आहे. मोटार १. एकूण वाहनांत दुचाकी दहा टक्क्यांच्या वर असतील तर प्रत्येकी पाऊण, आणि आपल्याकडे त्या असतातच. रिक्षा, बस यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर रिक्षा १.२ आणि बस २.२. समजा तासात ८०० दुचाकी, ३५० मोटारी, ६० रिक्षा आणि १२ बस गेल्या, तर बेरीज हजाराच्या थोडी वर जाते. वस्तीतली वाहतूक गोळा करून मोठ्या रस्त्यावर नेणाऱ्या दोन पदरी रस्त्याला तीच मार्गदर्शिका तासाला ९०० ची क्षमता देते. तुमचा साडेसात मीटरचा रस्ता कागदोपत्री दोन पदरी धरला जाईल, मोरी मात्र तेवढीही नाही. ‘आम्हाला फार त्रास होतो’ असं लिहिलेल्या पत्रांची एक वेगळी फाईल असते आणि ती फारशी उघडली जात नाही. आकडे असलेलं पत्र अभियंत्याच्या टेबलावर जातं, कारण त्याला ते खोडून तरी काढावं लागतं.

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमची जमीन आहे. दोन गटांच्या मधून पूर्वापार गाडीवाट गेली आहे, आजोबांच्या काळापासूनची. मागची नऊ एकर एका विकासकाने घेतली. आता तो म्हणतो वाट सार्वजनिक आहे, मी रुंद करून घेणार. परवा आम्हाला न विचारता दोन डंपर मुरूम आमच्या भाताच्या खाचरात ओतला. वाट अडवली तर आम्हीच दोषी ठरू का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, वाट अडवू नका. पण मुरमाचे आजच फोटो काढा. बाजूला खाचराचा बांध, विजेचा खांब असं काहीतरी दिसेल असे काढा, नुसत्या मुरमाच्या ढिगाला पत्ता नसतो.

आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या. नकाशात वाट दोन तुटक रेषांनी दाखवली असेल तर ती ग्रामीण गाडीमार्ग, एका तुटक रेषेने असेल तर पायमार्ग. रुंद्या जुन्या मोजणीतून आल्या आहेत. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. पायमार्ग चार आण्यांचा, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीमार्ग आठ आण्यांपासून सुरू होतो, साडेसोळा ते एकवीस फूट. तुमच्या आजोबांना हा हिशोब तोंडपाठ असणार. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, हे तर तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल.

वाट नकाशात असली तर त्यावरून कोणीही जाऊ शकतं, विकासकसुद्धा. पण जाईल तो एकवीस फुटांतूनच. एकवीस फूट म्हणजे जवळपास ६.४ मीटर, आणि वर सूसच्या उत्तरात ९ मीटरचं गणित आलंच आहे. त्याला जास्तीची रुंदी हवी म्हणून तर मुरूम तुमच्या खाचरात पडला. ती जमीन तुमची आहे. तुमच्या सहीच्या नोंदणीकृत दस्ताशिवाय ती रस्ता होत नाही.

वाट नकाशात नसेल आणि नुसती वहिवाटीची असेल, तर तुमची बाजू आणखी घट्ट. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात तो शेतात जाण्यासाठी. आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात स्पष्ट आहे की एका प्रकारच्या वहिवाटीच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. बैलगाडी नेण्याच्या हक्कावर दोनशे कुटुंबांच्या मोटारी बसवता येत नाहीत. वाट उद्या दुसऱ्या कोणी अडवली तर सहा महिन्यांच्या आत १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं, तेही लक्षात ठेवा.

मोजणीचा अर्ज करा आणि परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाला नोंदणीकृत डाकेने कळवा की या गटातून रस्त्यासाठी आम्ही संमती दिलेली नाही. चहाला बोलावून पाचशेच्या स्टँपवर ‘फक्त ना-हरकत’ म्हणून सही मागतील. ती करू नका. चहा प्यायला हरकत नाही.

एक मात्र बोलून ठेवते, पटलं नाही तर सोडून द्या. चांगला रस्ता आला तर तुमच्याही जमिनीची किंमत बदलते. द्यायचाच झाला तर दस्तात रुंदी लिहा, खालून ड्रेनेज आणि केबल जाणार का ते लिहा, दुरुस्ती कोणाची ते लिहा, आणि तुमच्या गटाला त्याच रस्त्याचा कायमचा हक्क राहील हेही. हा शेवटचा मुद्दा राहून गेल्यामुळे स्वतःच्या शेतात जायला सोसायटीच्या वॉचमनला नाव सांगणारे शेतकरी मी पाहिले आहेत.

प्रश्न : वाघोलीत फ्लॅट बघतोय. सेल्स ऑफिसमधला मुलगा म्हणतो, ‘सर, समोरून २४ मीटरचा रोड प्रपोज्ड आहे, दोन वर्षांत होईल.’ सध्या तिथे पत्र्याची शेड आणि म्हशींचा गोठा आहे. विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, सध्या भाड्याने खराडीत

उत्तर : म्हशींवर ठेवा. त्या आज तिथे आहेत.

त्या मुलाला एकच विचारा : रस्ता कागदावर आहे, ताब्यात आहे, की डांबरात? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. कागदावर असेल तर कोणत्या कागदावर, हेही विचारा. वाघोली ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आली, पण समाविष्ट गावांसह आसपासच्या परिसराचा प्रारूप आराखडा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने केला. तो २०२१ मध्ये आला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. त्या प्रारूपातली रेघ दाखवून कोणी आजही रस्ता विकत असेल, तर तो रद्द झालेल्या कागदावरचा रस्ता आहे. जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा झोन दाखला आणि आराखड्याचा त्या भागाचा नकाशा स्वतः काढून घ्या.

नंतर गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि मंजूर नकाशात आज कोणता प्रवेश रस्ता दाखवलाय ते बघा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, पैसे व्याजासह परतही मागता येतात. पण त्यासाठी जाहिरात जपून ठेवायला हवी. पत्रक, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, दोन्ही. ‘दोन वर्षांत होईल’ हे मेसेजमध्ये लिहून द्यायला सांगा. बहुतेक वेळा तिथेच विषय बदलतो. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, तेव्हा घाई करू नका.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या टोकाला काम चालू आहे. रात्री दीड-दोनला काँक्रीटचे मिक्सर येतात, उलटे घेताना पीं-पीं वाजतं, आई दचकून उठते. तक्रार केली की साइटवरचे म्हणतात दिवसा मिक्सरला परवानगी नाही. खरं का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : अर्धं खरं असू शकतं. वाहतूक पोलीस अवजड वाहनांना काही रस्त्यांवर ठरावीक वेळी बंदी करतात. त्याची अधिसूचना निघते, तुमच्या रस्त्याची वेळ चौकीत विचारून घ्या. बंदी बहुधा गर्दीच्या तासांची असते, अख्ख्या दिवसाची क्वचित. साइटवाल्याला रात्र सोयीची वाटते याचं खरं कारण काँक्रीट. भारतीय मानकाप्रमाणे मिक्सरमध्ये भरल्यापासून दोन तासांत ते ओतावं लागतं. दिवसा मिक्सर कोंडीत अडकला तर माल वाया जातो. म्हणजे त्यांना कोंडीची भीती आहे आणि त्याची किंमत तुमची आई झोपेत मोजते.

पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. तक्रार करताना ‘रात्री आवाज येतो’ असं मोघम लिहू नका. आठवडाभर तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि किती वेळ थांबली ते लिहा, मोबाईलवर आवाजासकट चित्रण घ्या. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक महापालिकेच्या पर्यावरण विभागाला, एक बांधकाम परवानगी विभागाला. आणि साइटच्या इंजिनिअरला भेटून एवढं विचारा की मिक्सर उलटा का घ्यावा लागतो. आत वळायला जागा ठेवलेली नसते म्हणून. फाटकाशेजारचा सळयांचा ढीग हलवला तर गाडी सरळ आत जाऊन वळून बाहेर येते, आणि पीं-पीं वाजत नाही. आमच्या गल्लीत ढीग हलवायला त्यांना अर्धा दिवस लागला होता.